गडग्याच्या आतली गाडी

ता. ९ एप्रिल १९३४
म्युन्सिपालटीचा मुकादम गंगाराम नोटीस देऊन गेला. माझी मीच वाचली. पुड्यांच्या कागदांवर अक्षरं लावत शिकले, पण शिकले. लिहिलंय, पब्लिक रस्त्यात बैलगाडी उभी केली, सबब दंड.

गाडी ह्यांची. हे गेले, बैल विकले, गाडी ह्यांनी सोडली तिथेच अंगणात आहे. अंगणाभोवतीच्या दगडी गडग्याच्या आत. रस्ता गडग्याच्या बाहेर. गंगारामला म्हटलं, डोळे घरी ठेवून आलास काय? तो म्हणाला, येसूबाय, सर्व्हिस मोटार वळत नाय. रस्ता तुमच्या गडग्यातनं जातोय. म्हटलं, मग रस्त्याला सांग, आलाच आहेस तर जेवून जा.

दंड भरणार नाही. गाडी हलवणार नाही. आठ दिवसांत नोटीस मागे घ्यायला लावते.

ता. १० एप्रिल
अपील लिहिलं. हा गडगा यजमानांनी स्वतःच्या हातांनी रचला. दर वर्षी मिरगाआधी तो उतरवून पुन्हा नव्याने रचीत. एवढी मेहनत आळीत कुणी घेत नाही. हा मुद्दा मुद्दाम घातला. साहेब वाचून गप्प होतील.

साक्षीला भिकाजी भावजी. ह्यांचे धाकटे भाऊ, दर वर्षी चिरे उचलून द्यायला तेच असत.

ता. १४ एप्रिल
भावजी साक्षीला नाही म्हणाले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. म्हणाले, वयनी, दंड मी भरतो, गाडी माझ्या मागीलदारी नेऊन ठेवूया.

अस्सं! म्हणजे गाडीवर डोळा. ह्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला माणूस. आजपासून बोलणं बंद.

ता. १५ एप्रिल
कोयती मागायला भावजींकडे गेले. मागणं म्हणजे बोलणं नव्हे.

ता. २० एप्रिल
समोरच्या हाजराला साक्षीला विचारलं. म्हणाली, माझं नाव नको घेऊस बाय, मला लांबचं दिसत नाय. हिला माझ्या चुलीवर काय शिजतंय ते रस्त्यापलीकडून दिसतं. हीसुद्धा फिरली.

तिन्हीसांजेला अंगणातल्या दगडावर दिवा ठेवला आणि शेजारी टेकले. हा दगड ह्यांनी दिलेला. लग्न होऊन आले तेव्हा म्हणाले, हा तुला बसायला. वर चार पाकळ्यांचं फूल कोरलेलं. मी विचारलं, माझ्यासाठी कोरलंत? हे हसले. म्हणजे हो. हे गेल्यापासून रोज इथे गाडीकडे तोंड करून बसते. माणसं फिरतील, ही जागा फिरायची नाही.

ता. २६ एप्रिल
सरकारी मोजणीसाठी अर्ज केला. मोजणीची साखळी नात्यागोत्याची नसते. भावजी धावत आले. वयनी, हात जोडतो, मोजणी नको. घाबरले! म्हटलं, आता कळेल कोण कुणाचं ते.

ता. ४ मे
मोजणी झाली.

मोजणीदाराला कोकमाचं सरबत दिलं. आळी जमली होती. बरंच, म्हटलं, सगळ्यांच्या देखत होऊ दे. साखळी अंगणात आली. त्याने विचारलं, हद्दीचा दगड कुठाय? म्हटलं, आमच्याकडे तसला दगड नाही. तो इकडेतिकडे फिरला आणि माझ्या दगडापाशी थांबला. तेल, काजळी खरवडली. म्हणाला, बाई, ही सरकारी फुली.

म्हटलं, ते फूल आहे. माणूस सभ्य. म्हणाला, असेल, जिल्ह्यात सगळ्या हद्दीच्या दगडांवर असतं.

दगडापलीकडे सरकारी रस्ता. गाडी पलीकडे. गडगा त्याच्याही पलीकडे.

मग हाजराला दिसायला लागलं. म्हणाली, दर मिरगाआधी गडगा उतरवायचा नि वीतभर पुढे रचायचा. आम्ही हसायचो, गाडी मावेस्तोवर गडगा रांगणार म्हणून. भावजी खाली बघत म्हणाले, दादाने शपथ घातली होती, वयनीला कळता नये.

सगळ्या आळीला ठाऊक. मलाच तेवढं नाही. आणि मी ते अपिलात सहीनिशी लिहून दिलं.

ता. ५ मे
दंड भरला. ह्यांच्यावर रागावून जेवले नाही. दुपारी भूक लागली.

भावजींना म्हटलं, गाडी न्या. त्यांनी नि गंगारामने ओढली. चाकांखाली माती खचली होती, दोन खळगे राहिले. गडगाही मागे घ्यायचा आहे. भावजी म्हणाले, दगडालगत रचूया, वयनी. म्हटलं, रचा. कोयती परत दिली.

तिन्हीसांजेला दिवा कुठे ठेवावा ते सुचेना. शेवटी तिथेच ठेवला. दगड सरकारचा, तेल माझं. बसले मात्र नाही. उभ्यानेच ह्यांना म्हटलं, फुलाचं विचारलं तेव्हा नुसते हसलात. खोटं का होईना, हो म्हणायचं होतं.