जाळीवालीच्या पत्रातील किरकोळ सुधारणा

४ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६

बेटावर पोहोचले. लाँचमध्ये अडीच तास. बाकी सगळ्यांना उलट्या. मी डोळे मिटून जप करत होते, त्यामुळे मला दोनदाच.

ही रोजनिशी घरखर्चाच्या वहीत मागच्या बाजूने लिहिते आहे. वेगळी वही कशाला? कोणाला वाचायची नाही.

निश्चय: 'गृहिणीस चार शब्द' हे पुस्तक इथे पूर्ण करायचं. एकशे आठ उपदेश. आजचा धरून नऊ दिवस, रोज बारा, बरोब्बर बसतं. अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना घरूनच लिहून आणली आहे, म्हणजे अवघड भाग उरकला.

या लेखन शिबिरात नाव सूनबाईने घातलं. आई, तुम्ही जाच, म्हणाली. दहा दिवस पुरतील ना, असंही दोनदा विचारलं. बॅग तिनेच भरली, चार दिवस आधी. माझ्या लिखाणाबद्दल तिला आदर आहे. बोलून दाखवत नाही, एवढंच.

आजचे बारा उद्या. लाँचने डोकं हलतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी

शिबिराची संचालिका बिनइस्त्रीचे कपडे घालते आणि कशालाही 'येऊ द्या' म्हणते. शब्द सुचत नाहीत? येऊ द्या. रडू येतंय? येऊ द्या. मी शिंकले तेव्हाही म्हणाली. तिचं नाव येऊद्याबाई ठेवलं आहे. मला काकू म्हणते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठीच असेल.

सकाळी सगळ्यांना डोळे मिटून लहानपणीचा वास आठवायला लावला. एक डेंटिस्ट आहे. ढसाढसा रडला. आयुष्यभर दुसऱ्यांना रडवल्यावर असं होत असावं. मला फिनेलचा वास आठवला. लिहून ठेवला. उपयोग नाही.

इथे हॉटेल नाही. एकेकाला गावातल्या एकेका घरी ठेवलं आहे. सकाळी त्या घरात कामाला हात लावायचा आणि त्या घरचं जे काही लिखाण अडलं असेल ते करून द्यायचं. याला हे लोक कम्युनिटी म्हणतात. आम्ही याला सासर म्हणायचो, आणि त्याला फॉर्म भरावा लागत नसे.

मी जाळीवालीकडे. विधवा बाई, मासेमारीची जाळी दुरुस्त करते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, सगळं काम बोटांनी चाचपून. घरात एकच साबण, अंगाला आणि भांड्यांना. माझा मी उशीखाली ठेवला आहे. खोली तिच्या मुलीची दिली आहे. मुलगी शहरात नर्स आहे.

तुम्ही काय लिहिता, असं विचारलं तिने. उपदेश, म्हटलं. कुणाला? म्हटलं, सगळ्यांना. मग वेळ लागेल, म्हणाली आणि सुई ओवायला लागली. अशिक्षितपणा.

आज एकही उपदेश झाला नाही. टेबल डुगडुगतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

टेबलाखाली कागदाची घडी घातली. तीन उपदेश झाले!

दुपारी सगळ्यांनी वाचून दाखवायचं होतं. मी पहिला वाचला. "गृहिणीने पहाटे उठावे." डेंटिस्ट म्हणाला, पुढे? म्हटलं, पुढे दुसरा उपदेश. एका पोरीने (केस निळे!) विचारलं, पण ही उठते कोण? तिला झोप येत नाही का? आता उपदेशात झोप कुठून आणू? मी समजावून सांगायला लागले, तर येऊद्याबाईने थांबवलं. लेखकाने आपल्या लिखाणाचं स्पष्टीकरण द्यायचं नसतं म्हणे. नुसतं ऐकायचं.

ऐकलं. जळतात. मॅट्रिकला मला भाषेत शंभरपैकी एकाहत्तर होते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री जेवणानंतर

आज उपदेश नाही. परोपकार केला, तो त्यापेक्षा मोठा.

जाळीवालीचं पत्र लिहून दिलं. मुलीला. ती चार वर्षं आलेली नाही. नवरा वारला त्या महिन्यातच जाळीवालीने त्याची बोट विकली. मुलगी म्हणाली, बापाची बोट ज्या घरातून गेली त्या घराचं मी तोंड बघणार नाही. तेव्हापासून फोनही उचलत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर आवाज ओळखून ठेवून देते.

आता अडचण अशी की जाळीवालीच्या डोळ्यांचं ऑपरेशन सतरा तारखेला आहे. सोबत जवळचं माणूस असल्याशिवाय हॉस्पिटल हात लावत नाही. डेंटिस्टने लगेच मी येतो म्हणून घेतलं (दिखाऊ). ती नको म्हणाली. मुलगी आली तर जाईन, नाहीतर मला आता बोटांची सवय झाली आहे. वर मला बजावलं, डोळ्यांचं एक अक्षर लिहायचं नाही. कीव करून आलेली मला नको.

मग सांगायला लागली. कोंबड्या अकरा झाल्या. तुझ्या खोलीवरची कौलं बदलली, आता गळत नाही. बोट विकावीच लागली, पण तुला न विचारता विकली ते माझं चुकलं. ये.

संपलं! मी विचारलं, एवढंच? म्हणाली, आणखी काय असतं?

बाईला पत्र कसं असतं हेच ठाऊक नाही. आणि आईने मुलीची माफी मागायची? माझ्या पेनातून तरी नाही. उद्या हे वाचून सगळ्यांच्या सुना चढून बसतील. खोलीत येऊन मी ते व्यवस्थित केलं. किरकोळ सुधारणा. कोंबड्या काढल्या. कौलं काढली. माफी काढली. चार पानं झाली. एका बैठकीत! सुरुवात इथे उतरवून ठेवते, पुस्तकात घालता येईल:

"चि. कन्येस अनेक आशीर्वाद. वि. वि. देह नाशिवंत आहे. कुडीतला पाहुणा केव्हा उठून जाईल याचा भरवसा नाही. माझी निरवानिरव आता झाल्यातच जमा आहे. हे डोळे कायमचे मिटण्यापूर्वी..."

लिहिताना मलाच भरून आलं. डेंटिस्टला वाचून दाखवलं तर उचलून न्यावं लागेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

पत्र लाँचवाल्याबरोबर गेलं. त्याआधी जाळीवाली म्हणाली, एकदा वाचून दाखवा की. म्हटलं, तुम्ही सांगितलंत तेच आहे, नुसतं नीट लावलं. हे खोटं नाही. घर आवरलं तरी घर तेच असतं.

ती म्हणाली, पाकीट जड लागतंय. म्हटलं, कागद जाड आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

उपदेश अजून तीनच. राहिले एकशे पाच. आजचा धरून चार दिवस, म्हणजे रोज सव्वीस आणि वर एक. अवघड नाही. वाक्यं छोटी ठेवायची.

निळ्या केसांच्या पोरीने ती राहते त्या घरातल्या आजीच्या दुखऱ्या गुडघ्यावर सोळा पानं लिहिली. गुडघ्यावर! सगळे टाळ्या वाजवत होते. येऊद्याबाईने डोळे पुसले. मीही ऐकलं, शेवटी गुडघा जिना चढतो की नाही हे कळावं म्हणून फक्त.

घरून फोन नाही. माझ्या लिखाणात व्यत्यय नको म्हणून करत नसतील. मी केला. सूनबाई म्हणाली, इकडे सगळं मस्त चाललंय, तुम्ही अजिबात घाई करू नका. मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं. हसणं ह्यांचं वाटलं. पण ह्यांना इतकं हसताना मी ऐकलेलं नाही, त्यामुळे खात्री नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

जाळीवाली हल्ली दुपारी लाँचच्या वेळेला धक्क्यावर जाऊन बसते. जाळं मांडीवर घेऊन. दिसत काही नाही, मग मला विचारते, कोण उतरलं? आज एक बकरी आणि दोन गॅस सिलिंडर उतरले. तसं सांगितलं. बरं, म्हणाली.

मी तिला शब्द दिला, मुलगी येणार. साधं पत्र नाही गेलेलं. तिने माझ्याकडे तोंड करून विचारलं, म्हणजे? म्हटलं, म्हणजे तुमचंच, पण मनापासूनचं.

सव्वीस झाले नाहीत. धक्क्यावर बसून मांडी घालता येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या शेवटचं वाचन. गाव ऐकायला येणार. मी प्रस्तावना वाचीन. तशी ती पुस्तकाहून बरी आहे.

कोण उतरलं? कोणी नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ९

क्रमाने लिहिते.

लाँच एक वाजता आली. मुलगी उतरली. पांढरी फटक, डोळे सुजलेले, चप्पल एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरीच. पाठीमागून लाँचवाला ऑक्सिजनचा सिलिंडर उतरवत होता. तिने हॉस्पिटलमधून हातापाया पडून आणलेला.

त्या वेळी जाळीवाली धक्क्यावर उभी राहून कोळ्यांशी भांडत होती, जाळं धुवून का आणत नाही म्हणून. आवाज पार शाळेपर्यंत.

मुलगी जागच्या जागी थांबली. आधी रडली, मग तिचा चेहरा फिरला. मरायचं नाटक करून बोलावलंस, म्हणाली. दोन रात्री मी झोपले नाही. वाटेत मनातल्या मनात तुझं सगळं करून झालं माझं. लाजही कशी वाटली नाही? लाँचवाल्याला म्हणाली, सिलिंडर परत चढवा, मी आलेच. लाँच सुटायला वीस मिनिटं होती.

जाळीवालीला काही कळेना. कसलं मरण? मी कोंबड्या कळवल्या होत्या, म्हणाली.

मी पाण्याच्या टाकीमागे होते. लपले नव्हते, सावली होती. विचार केला, येऊद्याबाईनेच सांगितलं आहे की लेखकाने स्पष्टीकरण द्यायचं नसतं. नियम म्हणजे नियम. जपाला सुरुवात केली. नीट होईना.

मुलीने पाकिटातून पानं काढली आणि सगळ्यांसमोर वाचायला लागली. आई, हे तुझं ना? हे तुझं? देह नाशिवंत आहे. कुडीतला पाहुणा. चारही पानं वाचली. माझ्या लिखाणाला इतकी माणसं कधीच नव्हती. कोळी, डेंटिस्ट, निळे केस, बकरीवाला. लाँचवाल्याने मध्येच टोपी काढली.

जाळीवालीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, छान आहे गं. कोण वारलं?

कोणीतरी फुसकन हसलं. मग दुसरं. मग सगळा धक्का. मुलगी मात्र हसत नव्हती. पानं हातात धरून आईकडे बघत होती. हे तू सांगितलंच नाहीस, म्हणाली. विचारल्यासारखं नाही. मग कोणी लिहिलं?

जाळीवालीने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. तिला मी कुठे आहे ते दिसत नव्हतं असं मी आता म्हणू शकते. पण टाकीमागे माझी माळ वाजत होती, आणि तिचे कान शाबूत आहेत. ती म्हणाली, असेल कोणीतरी. पाहुण्यांचं काय एवढं.

सांगायचं नसेल तर राहू दे, म्हणत मुलगी लाँचच्या फळीपर्यंत पोहोचली होती.

मी बाहेर आले. म्हटलं, माझं आहे ते. सगळं माझं. तिचं त्यात काहीच नाही.

मग काय सांगितलं होतं तिने? मुलीने विचारलं. जाळीवाली म्हणाली, सांगा बाई, तुमच्याकडेच आहे ते.

मला वाटलं आठवणार नाही. माझेच तीन उपदेश मला पाठ नाहीत. हे अख्खं आठवत होतं. कोंबड्या अकरा. कौलं बदलली. बोट विकावीच लागली, पण तुला न विचारता विकली ते माझं चुकलं. ये. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा येत नव्हता. वाऱ्यामुळे.

मुलगी फळीपासून परत फिरली. मग आईजवळ गेली, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि नर्ससारख्या कोरड्या आवाजात म्हणाली, डोळ्यांचं हे कधीपासून?

लाँच सिलिंडर घेऊन गेली.

संध्याकाळी वाचन. माझी पाळी आली. प्रस्तावना हातात होती. पहिलं वाक्य 'या हातांनी आजवर कोणाचे वाईट केले नाही.' येऊद्याबाई म्हणाली, काकू, येऊ द्या. उभी राहिले, काही आलं नाही. बसले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

खोली मुलीला लागली. मी त्या गुडघ्याच्या आजीकडे, निळ्या केसांशेजारी. पोरगी घोरते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. लाँचवर

जाळीवाली आणि मुलगी याच लाँचने निघाल्या आहेत. तपासण्या आधी करायच्या असतात म्हणे. समोरच्या बाकावर बसल्या आहेत. दोघी सकाळपासून भांडताहेत, कोंबड्या कोणाकडे ठेवल्या यावरून. चार वर्षांचं साठलेलं असावं.

मुलीने हॉस्पिटलचा फॉर्म काढला. नाव, वय, पत्ता, सोबत येणाऱ्याचं नाव आणि नातं. लाँच हलत होती, तिच्याकडे पेन नव्हतं. मी माझं काढून टोपण उघडलं आणि म्हटलं, आणा, मी भरते.

तिने पेन घेतलं. म्हणाली, राहू द्या काकू, मीच भरते.

जाळीवाली म्हणाली, आधी वाचून दाखव.

तिने एकेक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. अक्षर अगदीच सुमार, वेलांट्या कुठच्या कुठे. मी इथून उलटं बघते आहे, तरी सगळं वाचता येतंय.