कुंकू डाव्या कोपऱ्यात

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ११.१०
कॉलेजच्या ऑफिसात आलो, तर पाचही कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम. शनिवारी मी रजा टाकून रिद्धपूरला गेलो, तेवढ्यात उरकलं. अकोल्याहून माणूस बोलावला म्हणे. मला विचारलंसुद्धा नाही. सोळा वर्षं इथे कॉम्प्युटर म्हटलं की उद्धवराव. प्रिंटर अडला, उद्धवराव. माऊस मेला, उद्धवराव. दर खंडेनवमीला मशीनची पूजा माझ्याच हातची. स्क्रीनच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, स्टार्टच्या बटणावर कुंकू मीच लावतो.
ते बटण आता कोपऱ्यातून पट्टीच्या मधात सरकवलंय. काहून? कोणाच्या डोळ्यात खुपत होतं?
संकल्प: माऊसला हात लावणार नाही. आठ दिवसांत प्राचार्य मॅडम स्वतः म्हणतील, उद्धवराव, जुनीच सिस्टिम आणा.

१६ सप्टेंबर
हात लावला. सवयीनं. कोपऱ्यात क्लिक केलं, तर हवामान उघडलं. अमरावती, ३१ अंश, ढगाळ. ते तं मले खिडकीतूनही दिसते.
दिवसभरात सव्वीस वेळा हवामान पाहिलं.

१८ सप्टेंबर
आंदोलन सुरू. जुनी सिस्टिम परत द्या, असं निवेदन द्यायचं. सगळा स्टाफ सोबत आहे. चहा मी पाजला. शिपाई देवराव म्हणे, साहेब, तुमी म्हणसान तिथं सही ठोकतो.

१९ सप्टेंबर
निवेदन टाईप करायला बसलो. मराठी कुठे दडवली, देव जाणे. शेवटी मायाला सांगितलं. माया म्हणजे नवी ज्युनिअर क्लार्क, वलगावहून येते. चार मिनिटांत टाईप केलं, वर माझ्या दोन चुका काढल्या. पोरीला विरोधाची भाषा जमत नाही. फार गोड लिहिते.

२२ सप्टेंबर. घट बसले
सह्या गोळा केल्या. एक झाली. माझी. बाकीचे म्हणे, आमाले जमून राहिलं नं भाऊ. देवरावचा चष्मा नेमका घरी राहिला. बेइमान लेकाचे! चहा तरी आठवायचा.
एकट्याच्या सहीनं मॅडमना दिलं. वाचून हसल्या. म्हणाल्या, ईमेल करा.

२५ सप्टेंबर
प्रिंटर अडला. मी खुर्ची मागे सरकवून उठलो. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "मायाऽऽ!"
उठलोच होतो, म्हणून पाणी पिऊन आलो.
वाईट वाटलं. इथे लिहायला काय हरकत आहे? वाईट वाटलं.
संकल्प: खंडेनवमीला कळेल एकेकाला. पूजेला मीच लागतो.

२९ सप्टेंबर
माया म्हणे, काका, पाच मिनिटं बसा, दाखवते. मी म्हटलं, मले सगळं येते, मी विरोध करून राहिलो. ती आपल्या टेबलाकडे गेली.
मशीन बंद कुठून करतात, हे अजून सापडलेलं नाही. टेबलाखालच्या डब्याचं बटण रोज पायाच्या अंगठ्यानं दाबतो. काम भागतं. यालाच अनुभव म्हणतात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. घरी, रात्री ८
नवा सदरा घालून गेलो. हार, नारळ घरून नेले. मॅडमनी पूजेचं तबक मायाच्या हातात दिलं. माझे कान गरम झाले. माया सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, काका, हे तुमच्याच हातचं.
तबक घेतलं. कुंकू लावलं डाव्या कोपऱ्यात.
देवराव म्हणे, साहेब, तिथं तं हवामान राह्यते. सगळे हसले. माया हसली नाही. तिनं हळूच मधात कुंकवाचं दुसरं बोट टेकवलं.
साडेपाचला सगळे निघाले. मशीन बंद करायचं होतं. डब्याला हळद-कुंकू, वर झेंडूचा हार. सवयीनं पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. पूजा केलेल्या मशीनला आज पाय कसा लावणार? तसाच बसून राहिलो. बाहेर देवराव कुलूप वाजवत होता. माया पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेली होती, वलगावच्या बसची वेळ.
पाच चाळीसला मीसुद्धा ओरडलो, "मायाऽऽ!"