नंदाचे डोळे

निलंगा, मंगळवार, संध्याकाळ

कॅमेरा खाली तोंड करून बसवायचा सागवानी स्टँड मी केला. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून दिव्यांची घरं केली. घरच्या फोटोंवरून चित्रं काढली, ती जराजरा बदलत सिनेमा केला. शिकवलं कुणीच नाही. हात चुकला असं मी म्हणणार नाही. चुकलेला नाही.

धाकटी बहीण नंदा दुष्काळात गेली. तिचा एकच फोटो, गेल्यावर तिला भिंतीला टेकवून काढलेला. रीतीप्रमाणे फोटोतल्या मिटल्या पापण्यांवर मीच ब्रशनं उघडे डोळे रंगवले. सिनेमाच्या चित्रांतही डोळे उघडेच काढलेत.

आज माझ्या फोटोच्या दुकानातल्या पडद्यावर नंदानं ते मिटले. अगदी सावकाश.

आई म्हणाली, "निजली बघ लेकरू. लई वर्सं जागं ठिवलं हुतंस तू."

चित्रं पुन्हा बाहेर काढून पाहिली. डोळे उघडे. फिल्म भिंगाखाली धरली. उघडे. पुन्हा लावली, तर पुन्हा मिटले. दिव्याचा दोष म्हणावा, तर चित्रात तिच्या शेजारी बसलेल्या वडिलांचे का नाही मिटले?

सिनेमा पाहायला आलेले उदगीरचे टुरिंग टॉकीजवाले शेठ मात्र खूश झाले होते. "उस्ताद, कमाल केली! नवा जिल्हा झालाय, लातूरला दाखवू. फक्त शेवटी पोरीचे डोळे परत उघड. पब्लिक टाळ्या देईल."

आई उठली, पडद्याला पाठ लावून उभी राहिली. "उठवू नगा तिला."

मी शेठना नाही म्हणालो. नंदाचे डोळे उघडायचे ते पाच हजार रुपये देत होते.