आईने स्कूटर शिकणे

चि. संचिता,

पाडव्याला नव्या गोष्टींची यादी करायची, पण स्वतःसाठी नाही, एकमेकींसाठी, ही आपल्या घरची रीत. तुझ्या लग्नाआधीच्या पाडव्याला तू माझ्यासाठी लिहिलंस, "आईने स्कूटर शिकणे." मग तू दिपेशशी रजिस्टर लग्न केलंस आणि मी हट्टाने आले नाही. तो कागद मात्र दोन वर्षं फ्रिजवरून काढवला नाही.

तर ऐक, शिकले! खोपटच्या गल्लीत दोनदा पडले. शेजारची कृतिका शिकवत होती. ओरडायची, "काकू, आधी ब्रेक दाबा, देवाचं नाव नंतर घ्या!"

काल माजिवड्यावरून थेट घोडबंदर रोडला, तुझ्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत आले. वॉचमनने विचारलं, "कोणाकडे?" माझ्या तोंडून निघालं, "चुकून आले," आणि परत फिरले.

आज पाडवा. माझ्यासाठी लिहायला घरात कोणी नाही, म्हणून रीत मोडून मीच लिहिलं, "वॉचमनला खरं सांगणे."

हे पत्र आता घरीच राहील. श्रीखंडाचा डबा डिकीत ठेवलाय, दिपेशपुरतंही आहे. ट्रॅफिकमध्ये आंबट व्हायच्या आत निघते.

हेल्मेट घातलेली,
तुझी आई