एंदो-सानची बिअर

कोतो, टोकियो
ऑक्टोबर २०११

प्रिय चारुता,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. नचिकेतचा खोकला थांबला का? आईंच्या हातचं खाऊन त्याने अंग धरलं असेल.

काल आमची बिअरवाली मंडळी भूकंपानंतर पहिल्यांदा जमली. प्रत्येकाने ब्रुअरीत स्वतः बनवलेली बिअर आणायची आणि बाकीच्यांनी चाखून खरं मत द्यायचं, हा आमचा नेम तुला ठाऊकच आहे. या वेळी एंदो-सानही आले. त्यांची बायको फुमिको मार्चमध्ये माहेरी सेंदाईला गेली होती आणि त्सुनामीत वाहून गेली, हे तुला फोनवर सांगितलं होतं.

त्यांनी आणलेल्या बाटल्या त्या दोघांनी मिळून फेब्रुवारीत भरल्या होत्या. लेबलं तिच्या अक्षरातली होती. त्यांनी सगळ्यांना ओतून दिली आणि विचारलं, "कशी झालीय?"

बिअर पार आंबली होती. सगळे ग्लासात बघत राहिले. शेवटी मीच म्हणालो, "आंबट झालीय, एंदो-सान."

त्यांनी मान हलवली. "फुमिकोसुद्धा हेच म्हणाली असती," असं म्हणून ते सगळ्यांसमोर रडू लागले. सगळ्यांनी आपापले ग्लास रिकामे केले.

घरी येऊन मी बराच वेळ दिवा न लावता बसलो होतो. भूकंपानंतर तू घाबरून नचिकेतला घेऊन पुण्याला गेलीस याचा मला राग नाही. परतायची घाईही करू नकोस. फक्त येणार आहेस, एवढं कळव.

आई-बाबांना नमस्कार, नचिकेतला पापा.

तुझाच,
सत्यजित