सात बायांचा कातळ

९ फेब्रु. ८६, रवि.
इतिहासाच्या पदविकेचा वर्ग. तास संपेपर्यंत मीच बोललो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणाऱ्या करमरकर बाईंनी एवढंच विचारलं, "छान. आधार काय?"
बी.कॉम.नंतर इतक्या सभा गाजवल्या, हा प्रश्न व्यासपीठावर कुणी विचारला नव्हता. घरी येऊन बायकोवर चिडलो, आमटीवरून. तिचा काय दोष.
लघुप्रबंध: खेड्यांतल्या तोंडी आठवणी. लिहिणाऱ्यांनी कष्टकऱ्यांना इतिहासातून हाकललं, हे माझं मत अजून ठाम आहे.

२३ फेब्रु.
राजापूरपर्यंत एस.टी., पुढे चालत वरच्या वाडीला. तीन वर्षांपूर्वी इथेच शिवजयंतीला बोललो होतो. भागीरथी आजी खळ्यात कुळीथ झोडत होती. टेप लावला. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या उघड्या माळावरच्या, कातळाबद्दल विचारलं.
"सात बाया हुत्या. कोयतं घेऊन उब्या ऱ्हायल्या, गनिमाची घोडी माघारी फिरली."
"कुणी सांगितलं?"
"माज्या आज्यान सांगितलान. त्याला त्याच्या आज्यान."
त्या सात बाया माझ्या, त्या शिवजयंतीच्या भाषणातल्या! मंडपात लोक पेंगत होते, मागे बायका दाटीवाटीने बसलेल्या, त्यांच्याकडे बघून सुचल्या. सातच का? वाक्याला जोर येतो. कोयतेसुद्धा माझेच.
आजी खोटं बोलत नाही. तिला आता खरंच तसं आठवतं. हे जास्त वाईट.

१ मार्च
बाईंनी टेप ऐकली. "उत्तम! पिढ्यांची साखळी मिळाली. ह्यावरच लिहा." सांगायचं होतं. "बरं" म्हणून उठलो. पुढाऱ्यांना तोंडावर सुनावणारा मी!
बायकोला सांगितलं. आधी हसली. मग, "बाईंना सांगाल हो. त्या वाडीतल्या बायकांना काय सांगणार?"

२७ मार्च, शिमगा
वाडीला सांगायचंच, असं ठरवून गेलो. देवीची पालखी घरं घेत सड्यावर आली आणि कातळाशी थांबली. पूर्वी थांबत नसे. "दोन वर्सं थांबवतो," मानकरी तुकाराम म्हणाला. "आनि हितं पयला मान बायांचा." एरवी लांब उभ्या राहणाऱ्या बायका पुढे येऊन ओट्या भरत होत्या. आजी सगळ्यांत पुढे.
तुकारामने नारळ हातात दिला. "सर, आज गाऱ्हाणं तुमी घाला. तुमचा आवाज खाडीपल्याड जातो."
गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या वाडीच्या वतीने देवीशी बोलणं; तिच्यापुढे खोटं नाही. म्हटलं, "आई, आज एक खरं सांगायचंय..."
"व्हय म्हाराजा!" रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी साथ दिली, बायकांचा आवाज सगळ्यांत मोठा.
पुढे शब्द फुटेना. आजी हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत होती.
"सरांचा आवाज बसला. सभा करून करून!" कुणीतरी हसलं. आजीने नारळ माझ्या पिशवीत घातला. "ऱ्हाऊ दे. रंगपंचमीला या, तवा पुरा करा."

२९ मार्च
उद्या रंगपंचमी. लघुप्रबंधाचे कोरे कागद, त्यावर नारळ. सकाळची पहिली राजापूर गाडी. बायकोने न विचारता डबा भरून ठेवलाय.