थंड हवेतली आपली खोली

बाबा,

तुमची खोली सोडायची आहे. डोंगरावरची, थंड हवेतली, वर्षातून एक आठवडा आपली असणारी ती. कागद तयार आहेत, आईची सही झाली आहे, तुमच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स जोडली आहे, अन् हे सगळं महिना झाला माझ्या पिशवीत फिरून राहिलं आहे. सदरमध्ये त्या खोलीवाल्या कंपनीचं ऑफिस आहे, तिथं नेऊन द्यायचं, बस. हुडकेश्वरहून जायले वेळ तो किती लागते. दोनदा गेली मी. एकदा पार्किंगमधून परत आली, एकदा लिफ्टपाशी उभी राहून. म्हणून म्हटलं आधी तुम्हाले सांगावं. बारा वर्षांत तुम्हाले काही सांगितलं नाही, अन् सुरुवात करून राहिली तर अशा गोष्टीनं.

तो दिवस मले पूर्ण आठवते. मी नववीत होती. पेट्रोल पंपावर कोण्या पोरानं तुमच्याकडून कूपन भरून घेतलं होतं, अन् मग फोन आला की सर, तुम्हाले डिनर सेट लागला, फक्त हॉटेलात येऊन घेऊन जायचा, अन् जोडीनंच यायचं. तुमचं स्वतःचं भांड्याचं दुकान, घरात ताटांची थप्पी, तरी तुम्ही हरखले. आईनं चांगलं लुगडं नेसलं. "जोडीनं बोलावतात म्हणजे सत्यनारायणासारखंच काही असन," म्हणे. स्कूटरवर तुम्ही आम्हाले तीनदा बजावलं: जेवायचं, सेट घ्यायचा, निघायचं, सही-बिही काही नाही. आत हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर समुद्र, बर्फ, पोहणारी गोरी पोरं. मधूनच कुठल्या तरी टेबलावर टाळ्या वाजायच्या, म्हणजे तिथं कोणी घेतलं. आपल्या टेबलावर जो पोरगा आला त्याची कॉलर त्याच्या गळ्यापेक्षा मोठी होती अन् टाय एका बाजूनं गेलेला. त्यानं फार बोलबोल केली, तुम्ही छताकडे पाहत बसले. मी मनात म्हटलं, बाबा पक्के आहेत.

मग जेवण लागलं. अन् तिथंच झालं, बाबा, मी पाहून राहिली होती. त्या पोरानं तुम्हाले रांगेत उभं राहू दिलं नाही. स्वतः ताट वाढून आणलं. तुमची वांग्याची भाजी संपली तर न विचारता पुन्हा आणली. "काका, अजून एक पोळी घ्या ना." तुम्ही विचारलं, "तू जेवला का गा?" तो म्हणाला, "तुमचं झाल्यावर बसतो काका." तुमचा घास हातातच थांबला. नंतर त्यानं काय काय सांगितलं, दर वर्षी एक आठवडा हॉटेलात अशी पंचवीस वर्षं म्हणजे काय, कोणता रंग म्हणजे कोणता मोसम, त्यातलं काहीच तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही पेन मागितला. आपल्या टेबलावर टाळ्या वाजल्या तेव्हा आई इकडेतिकडे पाहत होती की आता कोणी घेतलं.

परतताना मी डिनर सेट मांडीवर घेऊन मधात बसलेली, अन् माझ्या डोक्यावरून तुमचं भांडण. आई म्हणे, "काहून केली सही?" तुम्ही म्हणे, "जेवलो ना त्याच्याकडे. त्यानं स्वतःच्या हातानं वाढलं, तो उपाशी होता. असंच उठून यायचं का?" आईनं सिग्नलवर सगळ्यांदेखत सांगितलं, "मंग पोराच्या हातावर पन्नास रुपये ठेवायचे होते! ज्याच्या घरी जेवलं त्याच्या लेकराले आपण तेवढंच देतो. हॉटेल कोण विकत घेते?" बाजूचा ऑटोवाला हसला. तुम्ही पण हसले, मले पाठीवरून समजलं. घरी आल्यावर त्या सेटची एक बशी तुम्ही बोटानं वाजवून पाहिली. "माल हलका आहे," म्हणे, अन् चहा पिऊन झोपले.

पहिला धक्का उन्हाळ्यात बसला. माझ्या सुट्ट्या लागल्या, तुम्ही फोन लावला, तर आपला रंग उन्हाळ्याचा नाही म्हणे. दिवाळीचाही नाही. आपला रंग म्हणजे लोक जेव्हा जात नाहीत तो. त्या टायवाल्या पोराले विचारावं तर तो नोकरी सोडून गेलेला. तुम्हाले राग यायले पाहिजे होता. तुम्ही फोन ठेवला अन् म्हणाले, "त्या दिवशी तरी जेवला का नाही कोणास ठाऊक." आई उठून आत निघून गेली.

आपण ऑगस्टात गेलो. माझी शाळा बुडवून. वर ढग असे उतरलेले की पॉइंट पाहायले गेलं की समोर पांढरा पडदा, अन् गाईड त्या पडद्याकडे बोट दाखवून सांगून राहिला की इथून तीन दऱ्या दिसतात. मग आपण खोलीच पाहिली. तुम्ही तर खोलीच पाहायले आले होते. नळ उघडून पाहिले, खिडकीची कडी पाहिली, पलंग सरकवून भिंतीले ओल आहे का पाहिलं. खोलीत छोटासा ओटा होता, शेगडी होती, भांडी भाड्यानं मिळत होती. तुम्ही दुकानातून स्वतःची नेलेली. दोन पातेले, झारा, ताटं, पेले, सगळ्यांवर आपलं आडनाव, तुमच्या त्या हातातल्या मशीननं टाकलेलं. लग्नाच्या मोसमात दिवसभर दुकानात ती मशीन घुरघुरायची, अन् तुम्ही गिऱ्हाईकाले सांगायचे की नावाशिवाय भांडं घरात नेऊ नका, पंगतीत गेलं की परत येत नाही. निघताना आई भांडी पिशवीत भरायले लागली तर तुम्ही तिचा हात धरला. "राहू दे वं. पुढच्या वर्षी कामात येतीन." अन् ती सगळी भांडी पुसून तुम्ही तिथल्या कपाटात लावली, मोठ्यात छोटं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन, सर तुमचं सामान राहिलं. तुम्ही म्हणे, "राहिलं नाही, ठेवलं. खोली आपलीच आहे." तो समजावत राहिला, तुम्ही हाव, हाव करत राहिले, अन् फोन ठेवून आम्हाले म्हणाले, "नवीन आहे, त्याले माहीत नाही." मी दहावीतली पोरगी, मले माहीत होतं. आईलेही. त्या हॉटेलात खोल्या ढीगभर अन् आठवडे ढीगभर, अन् आपल्याले त्यातलं एक काहीतरी, कोणतंही. तुम्ही मात्र एकदा पाहिली ती खोली डोक्यात घेऊन बसले. शेजारपाजारी, लग्नाकार्यात, दुकानात: "आपली एक खोली आहे ना थंड हवेत." लोकं विचारायचे, मग बाकीचं वर्ष? तुम्ही म्हणायचे, "बाकीचं वर्ष देतो लोकांले राहायले." काय तुमचा तो चेहरा! कोण्या राजानं दान द्यावं तसा.

अन् पुढच्या वर्षी दुसरीच खोली मिळाली. वरच्या मजल्यावरची, जास्त चांगली खरं तर. तुम्ही रिसेप्शनवर वाद नाही घातला. स्टोअरमधून एका माणसानं खोका आणून दिला, त्यात आपली भांडी. तुम्ही एकेक काढून पाहिलं. मग म्हणाले, जरा येतो. तुम्ही खाली कशाले जाऊन राहिले हे मले समजलं, म्हणून मी मागून आली. तुम्ही आपल्या जुन्या खोलीचं दार वाजवलं. एका बाईनं उघडलं, आत लेकरं उड्या मारून राहिले होते. तुम्ही हात जोडले अन् विचारलं, "सगळं ठीक आहे ना? मोरीतला नळ गळत तर नाही ना? खिडकीची कडी जरा वर उचलून लावा." ती बाई म्हणाली, "हां भैया, सब ठीक है, बस दो टॉवेल भेज दो." मी जिन्यात उभी, कानापासून गरम झालेली. मले वाटलं तुम्ही आता सांगाल. तुम्ही म्हणाले, "अभी लाता." अन् खरंच काउंटरवर जाऊन दोन टॉवेल मागून आणले, घडी नीट केली, अन् तिले नेऊन दिले. वर परतताना मी जिन्यात दिसली तर म्हणाले, "चांगले लोकं आहेत. लेकरं पलंगावर उड्या मारतात, पण असू दे." आईले सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. मी दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. त्या वयात बापानं टॉवेल नेऊन देणं म्हणजे काय असते हे तुम्हाले कोणी सांगायचं.

तुमच्यानंतर आम्ही गेलोच नाही. पण देखभालीचे वर्षाचे पैसे भरत राहिलो, कारण गेलं नाही तरी भरावेच लागतात, अन् दर वर्षी वाढतात. आई भरायची अन् पुटपुटायची की यात दिवाळीचा माल आला असता. दुकान आता तीच चालवते. नावंही तीच टाकते, अक्षर तिरपं येते तिचं, गिऱ्हाईकं काही म्हणत नाहीत. या वर्षी तिचा गुडघा फारच दुखायले लागला, दुकानात एक माणूस ठेवायचा म्हटलं तर हाच पैसा आडवा आला, म्हणून मी सदरले जाऊन विचारलं की मेंबर माणूस गेला तर काय. काउंटरवरची पोरगी अदबीनं बोलली. मॅडम, ते वारसांकडे जाते, पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत. म्हणजे माणूस संपते, आठवडे संपत नाहीत. बंद करायचं असेल तर डेथ सर्टिफिकेट अन् आईची सही आणा, भरलेलं परत मिळणार नाही, पण पुढचं थांबते.

मले वाटलं आई रडन. मी शब्द जुळवत दुकानात गेली. ती एका नवरीच्या बापासाठी डब्यांवर नावं टाकत होती. मी सगळं सांगितलं, तर ती चष्मा वर करून म्हणते, "दे इकडे. कुठं करू?"

"आई, एकदा विचार तर कर."

"काय करायचा? गुडघा माहा आहे, विचार तू करून राहिली."

"तुले काहीच नाही वाटत?"

तिनं सही केली, पेन त्या गिऱ्हाईकाले परत दिला. "अवं, आपण दोघी तिथं पाहुण्या गेलतो. राहिले तर तुहे बाबा एकटेच. ते गेले, खोली सुटली. एवढं सोपं आहे." अन् मशीन पुन्हा चालू केली.

आईसाठी सोपं आहे, अन् ती खरीच आहे. मग मी लिफ्टपाशी काहून थांबली? तिथं उभ्या उभ्याच मले समजलं. तुम्ही गेल्यावर सगळी कामं मीच केली होती, कॉलेज सांभाळून. लाईटचं बिल आईच्या नावानं केलं. गॅस केला. दुकानाचं लायसन्स केलं. राशन कार्डावरून तुमचं नाव कमी केलं, तिथं असंच म्हणतात, कमी केलं. बँकेतल्या बाईनं तर कौतुक केलं की कागद किती व्यवस्थित लावून आणले. मी चटचट, न अडखळता तुम्हाले एकेका जागेवरून काढलं. फक्त ही एक जागा राहिली, कारण इथं कोणाले सांगायची गरजच पडली नाही, पैसे पोचत होते. अन् म्हणून दर वर्षी कंपनीतून फोन येते, दर वर्षी वेगळा आवाज, अन् तो तुम्हाले मागते. तुमच्या नावापुढे श्री लावून. सर, यंदा आठवडा कधी घेणार? नातेवाईक आता तुमचा विषय काढतात तर 'होते' म्हणून काढतात. हे एकटे आहेत जे 'आहेत का' म्हणून विचारतात. मी तो दाखला काउंटरवर ठेवला की तेही बंद होईल.

गुडघा आईचा आहे हे मले माहीत आहे. कागद मी देणार आहे, पुढचा हप्ता यायच्या आत देणार आहे. आईनं परवा विचारलं, "दिले का गं कागद?" मी म्हटलं, हाव, दिले. तिनं लगेच दुकानासाठी माणूस पाहायले सुरुवात पण केली. म्हणजे आता थांबायले जागा नाही. हे पत्र त्या कागदांमागेच पिशवीत राहील, ते काही कोणाले द्यायचं नाही.

पण एक सांगते. काल फोन आला. नवीनच पोरगा होता, समोरचं लिहिलेलं वाचून बोलल्यासारखा, जरा घाबरलेला. म्हणाला, "सर आहेत का मॅडम?" मी म्हटलं, "आत्ता बाहेर गेलेत." त्यानं विचारलं, मग कधी करू फोन? मी म्हटलं, संध्याकाळी करा, सातनंतर.